झटका लागतो, पण सांगण्यासारखं बरंच आहे

“मॅडम, झटका लागतो का?”

लागतो. माझ्या खोलीच्या दारात हा प्रश्न न विचारता आत येणारा पेशंट विरळा, आणि मी सरळ ‘हो’ म्हणते. दोन मिनिटांत कळणारच असतं, मग खोटं कशाला बोलायचं? ‘काही होत नाही हो’ म्हणून झोपवलेला माणूस पहिल्याच झटक्याला हात ओढून घेतो आणि पुढचा अर्धा तास अंग आखडून पडून राहतो. आखडलेल्या अंगावर माझं काम नीट होत नाही.

मी पुण्यात न्यूरॉलॉजी विभागात टेक्निशियन आहे. काम एनसीव्ही आणि ईएमजीचं, म्हणजे नसांच्या आणि स्नायूंच्या तपासणीचं. डॉक्टर चिठ्ठीवर बहुतेक वेळा दोन्ही एकत्रच लिहितात, पेशंट ‘करंटची तपासणी’ म्हणतात, आणि आमचे वॉर्डातले मामा व्हीलचेअर ढकलताना सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘शॉकला नेतोय’ म्हणतात. नवीन पेशंटचा चेहरा तिथेच पडतो. मामांना सांगून उपयोग झालेला नाही. किमान वाचणाऱ्यांना तरी नीट सांगावं म्हणून हे लिहितेय. निदान करणं हे डॉक्टरांचं काम, रिपोर्टवर सहीही त्यांची. मी टेबलाशेजारी उभी राहून जे बघते तेवढंच सांगणार.

आधी हे दोन प्रकार वेगळे करू. एनसीव्हीमध्ये आम्ही कातडीवरून नसेला करंट देतो आणि नस तो किती वेगाने, किती जोराने पुढे नेते ते मोजतो. ईएमजीमध्ये डॉक्टर स्नायूत बारीक सुई घालतात. या सुईतून करंट जात नाही. हे दहादा सांगितलं तरी लोकांना पटत नाही. सुई फक्त ऐकते. म्हणजे करंट असतो तिथे सुई नसते, आणि सुई असते तिथे करंट नसतो. तुमच्या मनातलं ‘सुईतून शॉक देतात’ हे चित्र आधी पुसून टाका, निम्मी भीती तिथेच जाईल.

एनसीव्हीचं गणित प्राथमिक शाळेतलं आहे. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो त्यावर मी एक पट्टी चिकटवते. मनगटावर करंट देते, अंगठा टुणकन उडतो, आणि पडद्यावर डोंगरासारखी रेघ उठते. करंट दिल्यापासून रेघ उठेपर्यंत समजा ३.४ मिलिसेकंद गेले. मग कोपराच्या आतल्या बाजूला त्याच नसेवर करंट देते. आता वेळ लागला ७.४ मिलिसेकंद. फरक ४. टेपने मनगट ते कोपर अंतर मोजलं, भरलं २२० मिलिमीटर. २२० भागिले ४, उत्तर ५५. म्हणजे या नसेतून संदेश सेकंदाला ५५ मीटर वेगाने जातोय. हाताच्या नसांना साधारण ५०च्या वर वेग असला की ठीक, पायाच्या नसांना ४०च्या वर. मशीन लाखांचं असलं तरी अंतर मोजायला टेप लागतेच, आणि ती दीड सेंटिमीटर इकडेतिकडे धरली की उत्तर बदलतं. म्हणून मी मोजत असताना हात हलवू नका म्हणते तेव्हा खरंच हलवू नका.

नसेतल्या संदेशाचा वेग मोजताच येणार नाही, असं योहानेस म्युलरसारखा नामवंत शरीरशास्त्रज्ञ म्हणत होता. त्याच्याच शिष्याने, हेर्मान हेल्महोल्ट्झने, १८५० साली बेडकाच्या पायाची नस घेऊन तो मोजला. पद्धत हीच: एकदा स्नायूजवळ करंट, एकदा लांबून, आणि दोन वेळांतला फरक. वेग निघाला सेकंदाला तीसेक मीटर. लोकांना वाटत होतं विचार आणि हालचाल एका क्षणात होते. प्रत्यक्षात आपल्या रस्त्यावरची गाडी जरा जोरात हाणली तर बेडकाच्या नसेच्या बरोबरीने धावेल. माणसांवर ही तपासणी दवाखान्यात वापरण्याजोगी व्हायला पुढे आणखी शंभर वर्षं गेली. मनगटात दबलेल्या नसेचा वेग तिथेच मंदावतो हे १९५६ साली दाखवलं गेलं, आणि आज माझ्याकडे येणाऱ्या पेशंटांत सगळ्यात मोठा गट त्याच तक्रारीचा असतो.

त्यातल्या एक मावशी सांगते. मेसला पोळ्या लाटून द्यायच्या, रोजच्या शेकड्याने. रात्री दोन-तीनला हाताला मुंग्या येऊन जाग यायची, हात झटकला की बरं वाटायचं. कुणी म्हणालं मान आहे, म्हणून मानेचा एमआरआय झाला. त्यात गादी थोडी सरकलेली निघाली. पन्नाशी ओलांडलेल्या बऱ्याच जणांची निघते. मग मानेला पट्टा, ट्रॅक्शन, मलम. हाताच्या मुंग्या होत्या तिथेच.

मी त्यांना पहिलं विचारलं, “मावशी, नेमक्या कुठल्या बोटांना?” त्यांनी अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट दाखवलं, मग करंगळीशेजारच्या बोटापाशी थांबल्या. म्हणाल्या, “याला अर्धं. या बाजूला येतात, करंगळीकडून नाही.” एवढं नेमकं सांगणारा पेशंट भेटला की माझा दिवस चांगला जातो. कारण त्या बोटाची खरंच वाटणी झालेली असते. अंगठ्याकडची बाजू मीडियन नसेची, करंगळीकडची अल्नर नसेची. मीडियन मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाते, अल्नर त्या बोगद्याच्या बाहेरून. म्हणून आम्ही त्याच एका बोटाला दोन रिंगा लावतो, रिंगांपासून १४ सेंटिमीटरवर, मनगटापाशी, आधी मीडियनला करंट देतो, मग तितक्याच अंतरावर अल्नरला. बोट तेच, माणूस तोच, हाताचं तापमान तेच, अंतर तेच. दोन्ही संदेश जवळपास एकाच वेळी पोचायला हवेत. अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा जास्त फरक पडला की मनगटात गडबड. मावशींचं अल्नरचं २.७ आलं आणि मीडियनचं ४.१. मानेतल्या गादीमुळे असं होत नाही. मानेतून निघालेल्या दोन्ही नसांनी मनगटापर्यंत सारखंच काम केलेलं असतं, उशीर होतो तो शेवटच्या चार बोटं अंतरात.

मला एमआरआयचा राग नाही. पण एमआरआय गादी कुठे सरकली ते दाखवतो, नस काम करते की नाही ते दाखवत नाही. आणि लोक आधी महागडा फोटो काढून येतात, मग शॉकला घाबरतात. मावशींना डॉक्टरांनी रात्री मनगटाला बांधायची पट्टी दिली, थायरॉइड आणि साखर तपासायला सांगितली. थायरॉइडचं काम मंदावलेलं निघालं. अशा वेळी मनगटातली नस दबणं हे थायरॉइडचंच एक टोक असू शकतं.

आता तक्रारीचं बोलले तर एक गाऱ्हाणं. चिठ्ठीवर नुसतं ‘एनसीव्ही दोन्ही पाय’ असं लिहून येतं. का? तळपाय जळतो म्हणून, पाऊल घसरतं म्हणून, की कंबर दुखते म्हणून? प्रत्येकासाठी मी वेगळ्या नसा बघणार असते. शरीरात नसा इतक्या आहेत की सगळ्या तपासायच्या म्हटल्या तर संध्याकाळ होईल आणि पेशंट परत कधी दवाखान्याचं तोंड बघणार नाही. म्हणून तुम्हीच सांगा. कुठे, कधीपासून, एका बाजूला की दोन्हीकडे, बटण लावताना अडतं की जिना चढताना. पायातून चप्पल निसटते आणि कळत नाही, हे वाक्य ‘पायात जोर नाही’ या वाक्यापेक्षा माझ्या शंभरपट कामाचं आहे.

बांधकामावरचा एक तरुण गवंडी आला होता. करंगळीवर भाजल्याचा फोड, आणि कशाने भाजलं ते त्याला ठाऊक नव्हतं. पंजा थोडा आत वळू लागलेला. करंगळीला रिंगा लावल्या, करंट वाढवत नेला, पडद्यावर सपाट रेघ. कोपराच्या मागे जिथे आपटल्यावर हातभर झिणझिण्या येतात, तिथे बोट फिरवलं तर नस दोरीएवढी जाड लागली. मग बाही वर सारून बघितलं. दंडावर फिकट चट्टा. “इथे खाज, दुखणं काही?” “काही नाही मॅडम, तिथे समजतच नाही.” मी तोंडाने काही बोलले नाही, डॉक्टरांना बोलावून आणलं. कुष्ठरोग इतिहासजमा झाला असं शहरातल्या लोकांना वाटतं. आमच्या टेबलावर तो अधूनमधून येतोच, आणि लवकर सापडला तर बोटं वाचतात. औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं. त्याला सगळ्यात जास्त काळजी होती ती मुकादमाला कळेल याची.

सुईच्या तपासणीकडे येते. ही डॉक्टर करतात, मी पडदा आणि आवाज सांभाळते. आवाज हा या तपासणीचा अर्धा भाग आहे. स्नायूत सुई शिरली की क्षणभर खरखर होते आणि मग स्नायू सैल असेल तर शांतता. निरोगी स्नायू आराम करताना गप्प असतो. नस तुटलेली किंवा मेलेली असली, तर तिच्या मालकीचे स्नायूचे धागे बेवारस होतात आणि एकेकटे फडफडू लागतात. स्पीकरमधून तो आवाज पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा येतो, एका ठरावीक तालात टप् टप् टप्. पेशंटचे नातेवाईक हसून विचारतात, “कसला आवाज हो?” डॉक्टर माझ्याकडे बघत नाहीत, मी डॉक्टरांकडे बघत नाही. एका स्नायूत ऐकू आला तर एक नस किंवा मणक्यातलं एक मूळ, एवढ्यावर भागतं. हातात, पायात, पाठीत, जिभेत सगळीकडे येऊ लागला तर खोलीतली हवा बदलते.

मग डॉक्टर म्हणतात, “आता थोडी ताकद लावा. थोडीच.” थोडीच म्हणजे थोडीच. पुरुषमंडळी इथे सगळी हौस भागवून घेतात आणि पडदा नुसता भरून जातो. हळू ताकद लावली तर स्नायूच्या एकेका तुकडीची रेघ सुटी दिसते. जुन्या नसेच्या दुखण्यात उरलेल्या नसांनी शेजारच्यांचे धागे सांभाळायला घेतलेले असतात, म्हणून रेघा मोजक्या पण भल्याथोरल्या. दुखणं स्नायूचंच असेल तर उलट: तुकड्या सगळ्या हजर, पण प्रत्येकीची रेघ बुटकी आणि तुटकी, आणि जराशा ताकदीला सगळ्या एकदम धावून येतात. नस की स्नायू, या प्रश्नाचा बराचसा निकाल इथे लागतो.

दुखतं का? इंजेक्शन टोचल्याइतकं, आणि सुई आत हलवली की थोडं जास्त. तळहातात आणि पायाच्या बोटांजवळ बरंच. दुसऱ्या दिवशी निळं पडू शकतं. म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. आपल्या मनाने बंद करू नका, नुसतं सांगा. आणि स्नायूचा तुकडा काढून तपासायचा बेत असेल तर सुई एका बाजूला घालतात, तुकडा दुसऱ्या बाजूचा घेतात. सुईने दुखावलेला स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली आजारी दिसतो.

वेळेवरून माझे सगळ्यात जास्त वाद होतात. गाडीवरून पडून दंडाचं हाड मोडलं, मनगट लुळं पडलं, आणि घरचे तिसऱ्या दिवशी स्ट्रेचर घेऊन हजर. डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी या म्हटलेलं असतं. त्यांना वाटतं हयगय चाललीये. तसं नसतं. नस मधेच तुटली तरी तुटक्या जागेच्या पुढचा तुकडा काही दिवस जिवंत असतो. तिसऱ्या दिवशी तिथे करंट दिला तर तो छान उत्तर देतो, आणि रिपोर्ट पाहून वाटावं की सगळं शाबूत आहे. हालचालीची नस आठवड्याभरात गप्प होते, संवेदनेची दहाएक दिवसांत, आणि ते पत्र्यावरचे थेंब ऐकू यायला दोन-तीन आठवडे जातात. तेव्हा कुठे सांगता येतं की नस नुसती चेपली आहे की तिच्या आतले तंतू तुटलेत. ऑपरेशन करायचं की थांबायचं हे त्यावर ठरतं. जखम वाहतेय, नस उघडी पडलीय, तर गोष्ट वेगळी. तिथे आमच्यासाठी कुणी थांबत नाही.

घाई आणि उशीर या दोन्हींचा कस लागला तो जानेवारी २०२५ मध्ये. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, त्या पट्ट्यातून गिया-बारेचे (जीबीएस, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार) पेशंट येऊ लागले. आधी जुलाब, मग आठवडा-पंधरवड्यात पायांतला जोर जायचा, तो वर चढत यायचा. संशयित पेशंटांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. एरवी असा पेशंट अधूनमधून यायचा. त्या महिन्यात माझी मशीनची ट्रॉली आयसीयूमधून खाली उतरतच नव्हती. आयसीयूत एनसीव्ही करणं म्हणजे वैताग असतो. पलंगाची मोटर, सलाइनचे पंप, व्हेंटिलेटर, सगळ्यांचा पन्नास हर्ट्झचा गुणगुणाट माझ्या रेघेवर बसतो. पेशंटचे हात बर्फ. सिस्टरला विनवून एकेक प्लग काढायचा, पलंग भिंतीपासून ओढायचा, हातांना गरम पाण्याच्या पिशव्या.

या आजारात पहिल्या आठवड्यात नेहमीचा वेग पुष्कळदा ठीकच येतो. म्हणून आम्ही एफ वेव्ह बघतो. घोट्यावर दिलेला करंट उलटा वर मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथून परत फिरून पायाच्या स्नायूत येतो. म्हणजे मुळापर्यंतची आख्खी वाट एका फेरीत तपासून होते. मुळांशी सूज असली की ती परतीची छोटी रेघ उशिरा येते किंवा येतच नाही. दुसरी खूण अशी की घोट्यामागची सुरल नावाची संवेदनेची नस धडधाकट आणि हाताची मात्र मंद. मधुमेहात हे उलट असतं, आधी पाय जातात. पण मी हे लिहितेय म्हणून कुणी रिपोर्टची वाट बघत बसू नये. डॉक्टरही बसत नव्हते. जोर झपाट्याने जात असेल तर उपचार आधी, माझी ट्रॉली नंतर. पाय लुळे पडत चाललेत, श्वास अपुरा पडतोय, तर तडक मोठ्या हॉस्पिटलात जायचं.

‘नॉर्मल’ रिपोर्टवरून घरोघरी जे होतं तेही सांगते. एका आजोबांचे तळपाय रात्री जळायचे, चादरीचा स्पर्श सहन होत नव्हता. साखर जुनी. एनसीव्ही साफ नॉर्मल. मुलगा तिथेच म्हणाला, “बघा बाबा, काही नाहीये तुम्हाला.” आजोबांनी मान खाली घातली. मी मुलाला थांबवून सांगितलं की हे मशीन फक्त जाड, वेगवान नसा बघतं. जळजळ, वेदना, गरम-थंड कळवणाऱ्या नसा अगदी बारीक असतात, त्या या तपासणीत दिसतच नाहीत. आजोबा खरं बोलतायत आणि रिपोर्टही खरा आहे. डॉक्टरांनी नंतर हेच सांगितलं, पण डॉक्टरांपर्यंत जाईस्तोवर निम्मे म्हातारे घरात ‘नाटकी’ ठरलेले असतात.

तयारीचं थोडक्यात. आंघोळ करून या, पण अंगाला तेल, मलम, बॉडी लोशन काही नको. खोबरेल चोपडून आलेल्या पायाला पट्टी चिकटत नाही, मग मी स्पिरिटने घासते आणि तुम्हाला राग येतो. उपाशी राहायची गरज नाही. बांगड्या, अंगठ्या, जोडवी घरीच उतरवून ठेवा. इथे जोडवी निघेना म्हणून साबण शोधत फिरावं लागतं. पेसमेकर असेल तर दारातच सांगा. पापण्या जड होण्याच्या, मायस्थेनियाच्या तपासणीला येणार असाल तर गोळी कधी थांबवायची ते डॉक्टरांना आधी विचारा. त्यात आम्ही सेकंदाला तीन असे ओळीने झटके देतो आणि रेघ पहिल्यापासून चौथ्यापर्यंत किती खाली बसते ते बघतो; दहा टक्क्यांहून जास्त बसली की दखल घ्यायची. गोळी पोटात असली तर रेघ खाली बसेलच असं नाही आणि सगळा खटाटोप वाया. थंडीत मोजे घालून या. एकेका अंशाने कातडी गार झाली की वेग दीड-दोन मीटरने उतरतो, आणि धडधाकट पाय कागदावर आजारी दिसतात.

आणि जुना रिपोर्ट आणा. लोक एक्स-रेच्या फिल्मा गादीखाली वीस वर्षं जपतात आणि आमचा दोन पानांचा कागद किराण्याच्या यादीला वापरतात. मनगटाचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं, तरी बोटं बधिर, असं सांगत कुणी येतं. मी मोजते, मीडियनचा वेळ ४.९ येतो. हा वाईट आहे की चांगला? ऑपरेशनआधी ६.८ असेल तर नस सुधारतेय, थांबा. आधी ४.६ असेल तर डॉक्टरांना परत विचार करावा लागेल. आकडा पूर्णपणे जागेवर येतोच असंही नाही, मुंग्या गेल्या तरी थोडा उशीर राहून जातो. जुना कागद नसला की मला फक्त आजचा आकडा लिहून द्यावा लागतो.